उत्तरेकडची जाळी

आमच्या घरात मांस पहिल्यांदा आलं ते किंक्रांतीच्या दिवशी, आणि ते मी आणलं. सासरे गळ्यात तुळशीची माळ घालणारे, माझं माहेरही तसलंच. त्यामुळे चिकनच्या दुकानासमोर उभं राहून नेमकं काय मागायचं असतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. त्यात किंक्रांत, म्हणजे खाणाऱ्यांचा सण. इंदिरानगरातल्या त्या दुकानाची रांग वळून रस्त्यावर आली होती. मी ओढणीने नाक दाबून, ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून मान खाली घालून उभी होते, आणि जीव सगळा घरातल्या बुटाच्या खोक्यात अडकलेला.

“काय देऊ ताई?”

“थोडंसं द्या.”

“थोडंसं म्हंजे? किलो, अर्धा?”

“एक तुकडा. पक्ष्यासाठी पाहिजे.”

दुकानदाराने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मागे उभा असलेला एक जण म्हणाला, “पक्ष्याला पक्षी खायला घालतेत! कलियुग हाय दादा, दे बाबा दे.” सगळी रांग हसली. मला राग लवकर येतो आणि आलेला लपवता येत नाही, पण त्या दिवशी मी तो गिळला. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. काळ्या पिशवीत गुंडाळलेला तो तुकडा हातात लोंबकळत ठेवून मी घरापर्यंत आले, अंगाला लागू न देता.

खोक्यात काय होतं ते सांगायचं तर आदला दिवस सांगायला हवा.

संक्रांतीला आमच्या गच्चीवर सगळी सोसायटी असते. स्पीकर, तिळगूळ, आरडाओरडा, आणि ज्याला पतंग उडवता येत नाही त्याच्या हातात मांज्याची आसारी, म्हणजे फिरकी. माझ्या हातात नेहमी आसारीच असते. सासरे टाकीच्या आडोशाला उन्हात खुर्ची टाकून बसले होते. आदल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्यापासून ते असे कुठेही नेऊन बसवलं की बसायचे. एसटीत कंडक्टर होते ते. जन्मभर उभ्याने, धक्के खात काम केलेला माणूस एका खुर्चीत गप्प बसलेला बघवत नाही.

दुपार कलली असेल. शेजारच्या इमारतीच्या केबलच्या खांबावरून काहीतरी तपकिरी लोंबत होतं आणि फडफडत होतं. आधी वाटलं फाटका पतंग. मग त्याला डोळे दिसले. माझा नवरा टाकीवर चढला, तिथून पलीकडच्या कठड्यावर गेला आणि मांजा कापून ते त्याने टॉवेलात गुंडाळून आणलं. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला मांजा रुतला होता, रक्त सुकून पिसं चिकटली होती. मांजा कोणाचा हे विचारण्यात अर्थ नव्हता. आभाळात सगळ्यांचाच होता.

टॉवेल सासऱ्यांच्या मांडीवर ठेवून नवरा नायलॉनचे धागे सोडवायला लहान कात्री आणायला गेला आणि मी खोकं शोधायला. मी परत आले तेव्हा सासरे त्या पक्ष्यावर वाकले होते. शेजारी त्यांचा तांब्याचा गडू. त्यात गंगेचं पाणी असतं. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि सासरे रामकुंडावरून तो गडू भरून आणून देवाजवळ ठेवतात. आमच्या घरातून तो गडू, कुंडीतलं तुळशीचं पान, हे सगळं घेऊन ते एवढ्या वेळात वर आले होते. इतक्या चपळाईने हललेलं मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. एका हाताने त्यांनी ती चोच उघडली होती आणि दुसऱ्या हाताने तुळशीच्या पानावरून पाणी आत सोडत होते.

“बाबा! अहो काय करताय? जिवंत आहे ते!”

“म्हनून तर देतोय,” ते म्हणाले. “मेल्यावर पाजून काय उपेग?”

पक्षी खोकला. पक्षी खोकतो हे मला माहीत नव्हतं. नाकपुडीशी एक बुडबुडा आला आणि फुटला.

पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर बाईंचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकला. त्यांचं केंद्र गंगापूर धरणाच्या रस्त्याला आहे, वनखात्याच्या परवानगीने चालतं. फोन लागला तेव्हा मागे कोणाचा तरी पंख शिवणं चाललं होतं, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं.

“आज माझ्याकडे पाय ठेवायला जागा नाही. उद्या दुपारी येते. खोक्यात ठेवा, भोकं पाडा, अंधार करा. दूध नाही, पोळी नाही, पाणी नाही. पाणी तर अजिबात नाही, श्वासनळीत जातं.”

माझी नजर गडूकडे गेली.

“दिलं का?”

“दिलं.”

“ड्रॉपरने?”

“तुळशीपत्राने.”

त्याही नाशिकच्याच, त्यांना जे समजायचं ते समजलं. “उद्यापर्यंत राहिला तर सकाळी कच्च्या मांसाचा तुकडा द्या,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सासऱ्यांना मी त्या संध्याकाळी खूप बोलले. आता त्यातलं सगळं आठवत नाही. एक वाक्य आठवतं: “तुम्ही ते मरणारच असं धरून चालता!” गडू देवाजवळ ठेवून ते खोलीत गेले आणि जेवायलाही आले नाहीत.

मांसाचं मात्र मला वाटलं होतं तसं झालं नाही. काळी पिशवी घेऊन मी दारातच थांबले होते. ही आत कशी न्यायची, कोणत्या ताटलीत ठेवायची, देवघर कुठल्या बाजूला येतं, हा सगळा हिशेब डोक्यात. सासरे सोफ्यावरून म्हणाले, “ये की आत. माळ माझ्या गळ्यात हाय, त्याच्या नाय.” आणि त्यांनीच जुनी स्टीलची बशी काढून दिली. ती बशी पुढे वेगळीच राहिली, आजही आहे. त्यांनी ती भांड्यांत मिसळू दिली नाही आणि टाकूही दिली नाही.

आता तो पक्षी कोण होता ते सांगते, कारण त्याच्यावर सोसायटीत इतकी मतं होती जितकी माणसं नव्हती. कोणी म्हणे घारीचं पिल्लू. कोणी म्हणे कोकिळा, ठिपके नाहीत का? आमच्या मजल्यावरच्या काकूंनी “शिक्रा” असं इतक्या ठामपणे सांगितलं की मी पहिला दिवसभर त्याला शिक्राच म्हणत होते. पण मी अंबडच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. गेजला पार्ट बसतो की नाही हे बघण्यात आयुष्य गेलंय माझं. आमच्याकडे तीन पेट्या असतात: पास, रिजेक्ट, आणि दुरुस्तीला. “साधारण तोच असेल” ही चौथी पेटी नसते. खोक्याचं झाकण बोटभर उघडून, मोबाइलवरच्या फोटोंशी ताडून, मी त्याला भाग-भाग करून बघितलं.

शिक्र्याचा डोळा पिवळा-नारिंगी, रागीट. ह्याचा डोळा काळाभोर, भोवती पिवळी कडा. शिक्र्याचे पंख आखूड आणि गोलसर. ह्याचे लांब, टोकदार, मिटले तरी शेपटीच्या टोकाजवळ पोचणारे. वरच्या चोचीला दोन्ही बाजूंनी एकेक बारीक दात, जो ससाण्यांना असतो आणि शिक्र्याला नसतो. म्हणजे ससाणा, पण लहान, कबुतराएवढाही नाही. पाठ विटकरी, तिच्यावर काळे आडवे पट्टे. शेपटी पट्ट्यापट्ट्यांची, टोकाला एक रुंद काळा पट्टा. डोळ्याखालून गालावर आलेली गडद रेघ, रडून काजळ ओघळल्यासारखी. नखं काळी. हे नखांचं महत्त्वाचं, कारण त्याच कुळातला ह्याचा एक लहान भाऊबंद आहे, अगदी ह्याच्यासारखाच दिसणारा, पण त्याची नखं पांढुरकी असतात. काळी नखं म्हणजे खरूची. विटकरी पाठीवर पट्टे आणि डोकं राखाडी नाही, म्हणजे मादी, नाहीतर पहिल्या हिवाळ्यातलं पोर.

खरूची मी आधी शेकडो वेळा पाहिली होती आणि एकदाही पाहिली नव्हती. पांडवलेणीच्या डोंगरावर, वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी पंख फडफडवत थांबणारा पक्षी नाशिकच्या कोणी पाहिला नाही? तो हाच. अंग सगळं हलतं, पंख, शेपटी, पण डोकं जागचं हलत नाही. खिळा ठोकल्यासारखं स्थिर. खाली गवतात टोळ, सरडा, उंदीर काही दिसलं की दगडासारखा खाली. एवढा अस्वस्थ पक्षी आणि एवढी स्थिर मान, हे मला तेव्हापासून चमत्कारिक वाटत आलंय. माझी मानही हलते आणि पायही. घरचे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे.

किंक्रांतीच्या दुपारी डॉक्टर आल्या, त्यांनी पंख उघडून पाहिला. हाड शाबूत, कातडं फाटलेलं. मग खरूचीची छाती कानाशी धरली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. सासरे दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

“पंखाची मला काळजी नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “तो भरेल. आतमध्ये पाणी गेलंय, घरघर आहे. त्याला वेळ लागेल, आणि वेळच नाहीये हिच्याकडे.”

“वेळ नाही म्हणजे?”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. हिवाळ्यात आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक खरूच्या पाहुण्या असतात. दसऱ्याच्या आसपास उत्तरेकडून, हिमालयाच्याही पलीकडून उतरतात आणि ऊन तापायला लागलं की पाडव्याच्या सुमाराला परत फिरतात. त्याच्या आत हिला सोडता आलं तर ठीक. नाही आलं तर अख्खा उन्हाळा आणि पावसाळा पिंजऱ्यात, पुढच्या थंडीपर्यंत. इतके दिवस जाळीत राहिलेल्या ससाण्याची पिसं झिजतात, नखं बिघडतात. मग तो सुटतो, पण जगत नाही. अर्थात, डॉक्टर म्हणाल्या, थोड्या खरूच्या आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर बारा महिने राहतात. ही त्यांतली असेल तर घाई नाही, पावसाळ्यानंतरही सोडता येईल. त्या जरा गडद असतात म्हणतात. “पण पहिल्या वर्षाच्या मादीवरून मी छातीठोक सांगणार नाही.”

म्हणजे ओळख अजून पूर्ण झालीच नव्हती. खरूची, हो. पण इथली की तिथली?

डॉक्टर तिला घेऊन गेल्या, आणि त्यानंतर दर रविवारी मी केंद्रावर जायला लागले. नवरा म्हणाला, आमची आई हॉस्पिटलात असताना एवढ्या खेपा घातल्या नव्हत्यास. गंमतीने म्हणाला, पण मला ते लागलं. सासूबाईंना त्या काचेच्या खोलीत ठेवलं होतं तेव्हा खेपा घालून उपयोग नव्हता. आत कोणाला सोडतच नव्हते. सगळे बाहेरच्या बाकावर बसून राहायचे, सासरे सगळ्यात जास्त, मांडीवर कापडी पिशवी घेऊन.

केंद्रावर मी काही फार उपयोगाची नव्हते. उंदरांच्या खोक्यांकडे मला बघवायचं नाही. पण पिंजऱ्याखालचे कागद बदलणं मी माझ्याकडे घेतलं, आणि त्यात एक गोष्ट शिकले. ससाणा खाल्लेल्या उंदराची हाडं-केस पचवत नाही. त्यांची घट्ट गोळी करून दुसऱ्या दिवशी चोचीतून टाकून देतो. कागदावर ती राखाडी गोळी सापडली की पचन ठीक. पहिली गोळी सापडली तेव्हा मी तिचा फोटो काढून सासऱ्यांना पाठवला. त्यांनी उलट विचारलं, “हे काय हाय?” मी लिहिलं, “तब्येत सुधारत आहे.” त्यांनी दोन हात जोडलेलं चित्र पाठवलं.

ते स्वतः मात्र यायचे नाहीत. “नको. माझा पाय नको.” मी घरी आले की चपला काढायच्या आत त्यांचा प्रश्न: “घरघर?” आहे म्हटलं की आत जायचे. त्यांच्या तोंडावर जे दिसायचं ते बघून माझा राग कधीच निवला होता, पण तसं सांगायला मला जमलं नाही. आमच्या घरात माफी कोणी मागत नाही. चहात आलं जास्त घालतात.

कारखान्याच्या फाटकाबाहेर, रिकाम्या प्लॉटच्या कडेला दिव्याचा एक खांब आहे. त्या हिवाळ्यात त्यावर रोज एक खरूची बसायची. राखाडी डोक्याचा नर. आधीही बसत असणार; मला ह्याच वर्षी दिसला. सकाळी बसमधून उतरले की माझी नजर आधी खांबावर. तो आहे, म्हणजे वेळ आहे. प्लॉटवरच्या वाळक्या गवतावर तो थरथरत टांगलेला असायचा, आणि आत मशीनवर काम सुरू झालं तरी माझं चित्त त्या गवतावर. त्या दिवसांत माझ्या हातून एक चांगला लॉट रिजेक्टच्या पेटीत गेला. साहेब म्हणाले, मॅडम, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, माझी बरी आहे.

पंख भरला. शिवरात्रीनंतर तिला लांब पिंजऱ्यात हलवलं. तो पिंजरा म्हणजे एखाद्या पोल्ट्रीच्या शेडएवढा, चारी बाजूंनी जाळी, दोन टोकांना बसायला दांडे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला तिला उडवायचं आणि उतरल्यावर श्वास बघायचा. पहिल्या रविवारी ती मधेच खाली बसली, चोच उघडी, आणि ती घरघर मला जाळीबाहेर ऐकू आली. पुढच्या रविवारी टोक गाठलं, पण चोच उघडीच.

आणि तेव्हाच ते सुरू झालं. सकाळी ऊन वर आलं की ती दांड्यावर बसेना. उडून उत्तरेकडच्या जाळीला जाऊन चिकटायची. नखांनी जाळी धरून, पंख आपटत. सोडवून दांड्यावर ठेवली की पुन्हा तिथेच. माझ्यातली तपासणीवाली जागी झाली. म्हटलं, त्या बाजूला काही दिसत असेल, उजेड असेल, खाणं तिकडून येत असेल. डॉक्टरांना सांगून खाण्याची बशी दक्षिणेला हलवली. दांडे बदलले. पूर्वेला मोकळं शेत दिसत होतं, पश्चिमेला झाडं. उत्तरेला तर नुसती विटांची भिंत होती. तरी उत्तरच. डॉक्टरांनी तिथे गोणपाट लावलं. ती गोणपाटाच्या वरच्या पट्टीला जाऊन लटकली. शेपटीच्या पिसांची टोकं झिजून कुंच्यासारखी व्हायला लागली.

“इथली असती तर बसली असती,” मी म्हणाले.

“असेल,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनीही तेच पाहिलं होतं, नाही असं नाही. “पण श्वास बघा. मी हिला आत्ता सोडली आणि ती पहिल्याच डोंगरापाशी खाली बसली, तर कुत्री खातील. पिंजऱ्यात निदान जिवंत राहील.”

दोन्ही खरं होतं. करायला काही नव्हतं आणि हातावर हात धरून बसणंही होईना, असे ते दिवस. घरी येऊन मी विनाकारण माळे आवरले. पडदे धुतले. नवरा म्हणाला, तू पण जाळीला लटकलीयस.

मग एका मंगळवारी खांब रिकामा होता. म्हटलं शिकारीला गेला असेल. बुधवारी रिकामा. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर जाऊन अख्ख्या प्लॉटला फेरी मारली, वॉचमन विचारायला लागला काही हरवलंय का. तिथूनच मी डॉक्टरांना फोन लावला.

“इथल्या खांबावरचा गेला.”

“ताई, एका खांबावरून ऋतू ठरत नाही.”

“मग कशावरून ठरतो? शेपटीला एकही पीस राहणार नाही तेव्हा?”

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी दमून श्वास सोडला. “रविवारी या. उडवून बघू. चोच मिटलेली राहिली तर त्याच दिवशी सोडू. नाही राहिली तर पुढच्या थंडीपर्यंत मला विचारायचं नाही.”

संध्याकाळी मी हे सासऱ्यांना सांगितलं. ते बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होते. घालता घालता थांबले.

“म्हंजे माझ्या पाण्यानं मागं ऱ्हायली ती,” ते म्हणाले.

“बाबा, आता ते नका काढू.”

“नाय, तू ऐक.” ते कुंडीकडेच बघत बोलत होते. “तिच्या येळेला गडू माझ्या पिशवीत व्हता. रोज घेऊन बसायचो त्या दारात. ती नर्स म्हनायची, बाबा, बाहेरचं पानी चालत नाय, उद्या डॉक्टरला इचारते. उद्या, उद्या. आन् पहाटे आलेच सांगायला. एक थेंब नाय गेला तिच्या तोंडात. जल्मभर माळ घातलेली बाई, कोरडी गेली.” गडूतलं उरलेलं पाणी त्यांनी हळूहळू ओतलं. “त्या दिशी ते पाखरू असं मांडीवर आलं, मान टाकलेलं. मला वाटलं, हितं तरी उशीर नको.”

त्या बाकावर मी त्यांच्या शेजारी बसले होते. ती पिशवी मी दर खेपेला पाहिली होती, एकदोनदा धरलीही होती. आत काय आहे हे मी कधी विचारलं नाही, मला वाटलं औषधाचे कागद. मी रडले. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच. त्यांना काय करावं कळेना, म्हणून ते आत जाऊन चहा ठेवायला लागले.

रविवारी मी त्यांना म्हटलं, तुम्ही यायचं. त्यांनी नेहमीचं सुरू केलं, माझा पाय नको. मी म्हटलं, “पाय नको तर गाडीत बसून राहा, पण यायचं.” नवऱ्याने गाडी काढली आणि कापडी पिशवी घेऊन ते मागच्या सीटवर बसले.

केंद्रावर डॉक्टरांनी तिला उडवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग परत. मग परत. मी जाळीला नाक लावून उभी. ती दांड्यावर उतरली, पिसं झटकली आणि आमच्याकडे पाहिलं. चोच मिटलेली. डॉक्टरांनी तिची छाती कानाशी धरली, आणि ह्या वेळी इतका वेळ लावला की मला आमच्या साहेबांसारखं टेबलावर बोटं वाजवावीशी वाटली.

“थोडी आहे अजून,” त्या म्हणाल्या. “अगदी थोडी.”

“मग?”

त्यांनी तिच्या शेपटीची टोकं बोटांवर घेऊन पाहिली. “मग चला.”

सिन्नरच्या बाजूला, रस्त्यापासून आत, एक मोठं माळरान आहे. वाळकं गवत, मधूनमधून बाभळी, लांबवर डोंगराची ओळ. वारा होता. डॉक्टरांनी खोकं जमिनीवर ठेवलं आणि म्हणाल्या, आजोबा, तुम्ही उघडता का? सासरे मागे सरकले. “मी नको. माझा हात नको लागायला.”

“बाबा, उघडा,” मी म्हणाले. माझा आवाज चढलाच.

ते खाली बसले. गुडघे वाजले. झाकण त्यांनी असं उघडलं जसं आत कोणी झोपलंय. खरूची बाहेर आली आणि तिथेच बसली, त्यांच्या पायाशी, मान इकडेतिकडे करत. मग उडाली. जमिनीसरशी, वेडीवाकडी, आणि थोड्याच अंतरावर एका दगडावर उतरली. चोच उघडी. मला इथूनही दिसत होती. नवऱ्याने गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. सासऱ्यांचा हात पिशवीत गेला होता आणि आतच राहिला होता.

वाऱ्याचा एक झोत आला. तिने त्याच्याकडे तोंड केलं, पंख उघडले आणि उचलली गेली. वर, अजून वर, आणि मग थांबली. हवेत, एका जागी. पंख थरथरत होते, झिजलेली शेपटी पंख्यासारखी उघडलेली, आणि डोकं स्थिर.

“तितंच का थांबली?” सासऱ्यांनी विचारलं. “दमली का?”

“नाही बाबा. खाली काहीतरी दिसलंय तिला.”

ती गवतात कोसळली. वर आली तेव्हा पायात टोळ होता, आणि तो तिने उडता उडताच खाल्ला. ती थेट उत्तरेला गेली असं सांगायला मला आवडलं असतं, पण ती आधी दक्षिणेला गेली, बाभळींवरून एक फेरी मारली, एका कावळ्याचा उगाचच पाठलाग केला. मग डोंगराच्या कडेने वळली. आम्ही सगळे कपाळावर हात आडवा धरून बघत राहिलो, ती दिसेनाशी झाल्यानंतरही. ती वळली ती दिशा उत्तरच होती. मी मोबाइलमधल्या कंपासवर बघून खात्री केली.

सासऱ्यांनी पिशवीतून हात काढला. हातात गडू होता, तोंडाला फडकं बांधलेला, फडक्यात तुळशीचं पान खोचलेलं.

“बाबा! हे कशाला आणलंत?” माझ्या तोंडून गेलंच.

“सांगता येत नव्हतं ना,” ते म्हणाले. त्यांनी गडूकडे पाहिलं, मग डोंगराकडे. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. “सूनबाई, माझ्या येळेला घाई करू नको. आन् उशीरबी नको करू.”

मी बरं म्हणाले, आणि गडू त्यांच्या हातातून घेऊन माझ्या पिशवीत ठेवला.